अधू डोळ्यांचा उपसंपादक

मडगावहून गुजरातकडे जाणारी गाडी कोकण ओलांडते, वसईपाशी उत्तरेची वाट धरते आणि वापी, वलसाड, नवसारी अशी एकेक स्थानके मागे टाकत सुरतेजवळ येते. सुरत येण्याच्या थोडे आधी, सामान खाली काढण्याची गडबड सुरू झालेली असताना, खिडकीतून एक पिवळी पाटी सर्रकन मागे जाते. तिच्यावर ‘सचिन’ असे लिहिलेले असते. डब्यातला एखादा मराठी प्रवासी हटकून हसतो आणि क्रिकेटचा विषय निघतो. वस्तुतः या गावाच्या नावाचा क्रिकेटशी काहीही संबंध नाही. मराठ्यांच्या इतिहासाशी मात्र निश्चित आहे. जंजिऱ्याच्या गादीवरून सिद्दी घराण्यात तंटा झाला, तेव्हा गादी हुकलेल्या अब्दुल करीम ऊर्फ बाळूमियाँ याने पुणे दरबाराचा आश्रय घेतला. १७९१ साली त्याने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि त्याच्या बदल्यात सुरतेजवळचा हा मुलूख घेतला. जंजिरा काही पेशव्यांच्या हाती आला नाही. सचिन संस्थान मात्र उभे राहिले आणि १९४८मध्ये मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत टिकले.

आज सचिन सुरत महापालिकेच्या हद्दीत आहे. सुरत शहरापासून सुमारे पंधरा किलोमीटरवरील या गावाभोवती औद्योगिक वसाहत पसरली आहे. यंत्रमाग, कापड रंगवण्याचे आणि छापण्याचे कारखाने, त्यांची धुराडी आणि पाळी सुटली की रस्त्यावर उतरणारी गर्दी, असे तेथले रूप आहे. या गर्दीत ओडिया, भोजपुरी आणि हिंदी यांच्या जोडीला मराठीही कानी पडते. खरे तर मराठीहून अधिक अहिराणी. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोलीपासून थेट सचिनपर्यंत वसली आहेत. माझी मामेबहीण लग्नानंतर अशाच एका कुटुंबात गेली. तिच्या घरी मुक्कामाला असताना तिच्या मुलीच्या टेबलावर एक जाडजूड गुजराती कादंबरी दिसली. भाची गुजराती विषय घेऊन बी.ए. करते, घरात अहिराणी, गल्लीत हिंदी आणि परीक्षेत गुजराती, असा तिचा दिवस. कादंबरीचे नाव होते ‘असूर्यलोक’, लेखक भगवतीकुमार शर्मा.

“मावशी, हे तुझ्याच धंद्यातले होते,” भाची म्हणाली. “पेपरात काम करायचे.”

मराठी साहित्याची पदवी घेऊन दैनिकाच्या डेस्कवर दहा-बारा वर्षे काढलेल्या माणसाला हे नाव ठाऊक नसावे, याची थोडी लाज वाटली. ती अद्याप गेलेली नाही. हा लेख काही अंशी त्या लाजेपोटीच लिहिला आहे.

मराठी मनातील सुरत १६६४ आणि १६७० या दोन सालांत अडकून पडली आहे. शिवरायांनी सुरत लुटली, एवढे शालेय पुस्तकात येते आणि नंतर सुरत आपल्या वाचनातून नाहीशी होते. फार तर साड्यांच्या दुकानात, नाहीतर काशीचे मरण आणि सुरतेचे जेवण या म्हणीत ती भेटते. परंतु एकोणिसाव्या शतकात हे शहर पश्चिम भारतातील नव्या विचारांच्या उगमस्थानांपैकी एक होते आणि त्या उगमापाशी एक मराठी माणूसही उभा होता. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे सुरतेत मुख्याध्यापक होते. दुर्गाराम मेहता यांच्यासह त्यांनी १८४४मध्ये तेथे मानवधर्म सभा स्थापन केली. मुंबईची परमहंस सभा त्यानंतरची. पुढे याच सुरतेतल्या नर्मदाशंकर दवे, म्हणजे कवी नर्मद, यांनी १८५८मध्ये नोकरी सोडून केवळ लेखणीवर जगण्याचा निश्चय केला आणि १८६४पासून ‘दांडियो’ हे पाक्षिक काढून समाजातील ढोंगावर कोरडे ओढले. चोवीस वर्षांनी, १८८२मध्ये, कर्जाने वाकलेल्या नर्मदांना तो निश्चय मोडून नोकरी पत्करावी लागली. त्यानंतर ते चार वर्षेच जगले. गुजरातीतील पहिली कादंबरी समजली जाणारी ‘करण घेलो’ ही १८६६ची; तिचे लेखक नंदशंकर मेहता हेदेखील सुरतेचेच. आणि १८६३मध्ये दिनशा अर्देशर तालियारखान या पारशी गृहस्थाने येथे जे वृत्तपत्र सुरू केले, तेच ‘गुजरातमित्र’ नावाने आजही निघते. मुंबई समाचार वगळला, तर एवढे जुने गुजराती दैनिक दुसरे नाही.

कवितेसाठी नोकरी सोडणारा आणि अखेर नोकरीकडे परतणारा नर्मद हे सुरतेच्या लेखकांपुढचे पहिले उदाहरण होते. भगवतीकुमार शर्मांनी याच्या नेमका उलटा मार्ग धरला. त्यांनी नोकरी सोडलीच नाही.

त्यांचा जन्म ३१ मे १९३४ रोजी सुरतेत झाला. १९५०मध्ये ते शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यानंतर महाविद्यालय, पदवी आणि मग एखादी प्राध्यापकी असा त्या काळच्या होतकरू लेखकाचा सरधोपट रस्ता त्यांच्यासमोर असायला हवा होता. डोळ्यांनी तो अडवला. दृष्टी फार अधू होती, ऱ्हस्वदृष्टीचा दोष मोठा होता आणि त्यापायी शिक्षण सोडावे लागले. ज्या मुलाला वाचता येऊ नये म्हणून शिक्षण सोडावे लागते, तो पुढे कोणते काम पत्करील? दुकानदारी, हिशेबनीसी, दलाली यांपैकी काहीही सुरतेसारख्या व्यापारी शहरात सहज मिळाले असते. शर्मा १९५४-५५च्या सुमारास ‘गुजरातमित्र’च्या संपादकीय विभागात रुजू झाले. ज्या कामात डोळ्यांची सर्वाधिक झीज होते, नेमके तेच त्यांनी निवडले.

हे धाडस किती मोठे होते, ते आज संगणकाच्या पडद्यावर अक्षर हवे तेवढे मोठे करून वाचणाऱ्या आमच्या पिढीला चटकन उमजणार नाही. पन्नाशीच्या दशकातील भारतीय भाषांतील दैनिकाचा कारभार डोळ्यांसमोर आणून पाहावा. टेलिप्रिंटरवर इंग्रजी मजकुराच्या पट्ट्या पडत असत. उपसंपादकाने त्या वाचायच्या, निवडायच्या, आपल्या भाषेत उतरवायच्या, मथळा द्यायचा. गावोगावचे वार्ताहर टपालाने, क्वचित माणसाहाती मजकूर पाठवीत. त्यांची अक्षरे लावणे हे वेगळेच दिव्य. सुरतेचे दैनिक म्हणजे केवळ शहराचे दैनिक नव्हे. दक्षिण गुजरातेतल्या कितीतरी गावांचे सुखदुःख त्यात यायचे. हाताने शिशाचे खिळे जुळवले जात आणि ओल्या शाईची मुद्रिते पुन्हा उपसंपादकाच्या टेबलावर येत. बारीक टाइपातले एक अक्षर उलटे पडले, काना गळला, अनुस्वार सुटला, तर दुसऱ्या दिवशी सारे गाव हसणार. चांगल्या डोळ्यांची माणसेदेखील या कामात चाळिशीपूर्वी चष्मा लावीत. अधू डोळ्यांच्या माणसाने हे काम काही वर्षे नव्हे, तर उभे आयुष्य केले.

आमच्या धंद्यात एक जुनी समजूत आहे. डेस्कवरचा माणूस साहित्यिक होऊ शकत नाही. दिवसभर दुसऱ्यांचा मजकूर दुरुस्त करून त्याच्या स्वतःच्या भाषेची धार बोथट होते. घाई, साचेबंद वाक्ये, ठराविक विशेषणे यांची सवय हाताला लागते आणि कवितेकडे वळले तरी हात तेच लिहितो. ही समजूत निराधार नाही. मी ती रोज अनुभवते. पण तिला छेद देणारी माणसे आपल्याच भोवती झाली आहेत. बाकीबाब बोरकर कवी होते, ‘भावीण’सारखी कादंबरी त्यांनी लिहिली आणि गोव्याच्या मुक्तिलढ्याच्या काळात ‘आमचा गोमंतक’चे संपादनही केले. दैनिक ‘गोमन्तक’चे पहिले संपादक बा. द. सातोस्कर हे कादंबरीकार आणि संशोधक होते. सौराष्ट्रात झवेरचंद मेघाणी हे कवी, कादंबरीकार आणि पत्रकार या तिन्ही नात्यांनी वावरले. तरीही यांतील बहुतेकांच्या आयुष्यात वृत्तपत्र हा एक टप्पा होता, किंवा ते स्वतः वृत्तपत्राचे नायक होते. शर्मा डेस्कवर राहिले. दैनिकाच्या वेळापत्रकानुसार जगले आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या, कथा, गझला, गीते, ललित निबंध, समीक्षा असे बहुतेक सारे वाङ्मयप्रकार हाताळले.

प्रारंभीचे लेखन विपुल होते आणि स्पष्टच सांगायचे तर ते काळाच्या चालीवर होते. ‘आरती अने अंगारा’ ही पहिली कादंबरी पन्नाशीच्या दशकातच आली. पाठोपाठ ‘दीप से दीप जले’सारखे कथासंग्रह आले. दैनिकात काम करणाऱ्या तरुण लेखकाला वाचकांची आवड लवकर कळते आणि तो ती लवकर पुरवूही लागतो. पुष्कळांचा प्रवास येथेच संपतो. शर्मांचा संपला नाही, याचे एक कारण त्या काळच्या गुजराती साहित्यात शोधावे लागेल. सुरेश जोशी यांनी कथेतील घटनेचे महत्त्व कमी करून भाषेला आणि रचनेला पुढे आणले होते. मराठीत गाडगीळ-गोखल्यांच्या नवकथेने जे केले, त्याच्याशी नाते सांगणारे, पण त्याहून अधिक टोकाचे असे ते वळण होते. सुरेश जोशी याच दक्षिण गुजरातेतल्या वालोडचे. सुरतेतील वृत्तपत्रात बसलेल्या लेखकाला हा वारा लागणे स्वाभाविक होते. शर्मांनी तो अंगावर घेतला, पण त्यात वाहून गेले नाहीत. कथानकावरचा आणि वाचकावरचा विश्वास त्यांनी टाकला नाही. हा विश्वास त्यांना डेस्कने दिला, असे माझे मत आहे. उद्या सकाळी कोणीतरी हे वाचणार आहे, ही जाणीव उपसंपादकाच्या मनातून कधीच पुसली जात नाही.

१९७४ हे साल त्यांच्या आयुष्यात विलक्षण ठरले. ‘संभव’ हा कवितासंग्रह त्या वर्षी आला. ‘समयद्वीप’ ही लघुकादंबरी त्याच वर्षी आली. आणि त्याच वर्षी, शालान्त परीक्षेनंतर चोवीस वर्षांनी, चाळीस वर्षांचा हा पत्रकार गुजराती आणि इंग्रजी हे विषय घेऊन बी.ए. झाला. नोकरी होती, लेखक म्हणून नाव होते. पदवीने पगारात काही मोठी भर पडली असती असेही नाही. डोळ्यांनी सोळाव्या वर्षी जे हिरावून घेतले होते, ते त्यांनी परत मिळवले, एवढाच त्याचा अर्थ लावता येतो.

‘समयद्वीप’चा नायक नीलकंठ हा गावातील पुजारी घराण्यातला मुलगा. मुंबईत तो नोकरी करतो, नीरा नावाच्या आधुनिक विचारांच्या मुलीशी लग्न करतो आणि तिला घेऊन गावी येतो. सोवळेओवळे, देऊळ, पूजा, घरातल्या ज्येष्ठांच्या अपेक्षा यांत नीराचा कोंडमारा होतो; गावाला नीरा सोसत नाही आणि दोघांमध्ये उभ्या असलेल्या नीलकंठाला कोणतीच बाजू पूर्णपणे आपली म्हणता येत नाही. कादंबरी त्याला कोणत्याही एका काठावर सोडून देत नाही. कथा ओळखीची वाटेल. मराठीत असे नायक पुष्कळ आहेत. मात्र शर्मांनी गावाला खलनायक केले नाही आणि शहराला तारणहारही केले नाही. पूजेच्या साहित्याचा वास, घंटेचा नाद, गाभाऱ्यातील ओलावा यांविषयी नीलकंठाला वाटणारी ओढ लेखकाने तितक्याच मनःपूर्वक रंगवली आहे, जितक्या स्पष्टपणे त्या व्यवस्थेतील क्रौर्य दाखवले आहे. सचिनच्या औद्योगिक वसाहतीत राहून आखाजीला गावी धाव घेणाऱ्या खानदेशी कुटुंबांना हा नीलकंठ परका वाटणार नाही.

येथे त्यांच्या पुस्तकांच्या नावांविषयी थोडे सांगितले पाहिजे. १९८१मध्ये त्यांची ‘ऊर्ध्वमूल’ ही कादंबरी आली आणि १९८७मध्ये ‘छंदो छे पांदडां जेनां’ हा कवितासंग्रह. पहिल्या नावाचा अर्थ ‘मुळे वर असलेला’, दुसऱ्याचा ‘छंद हीच ज्याची पाने’. गीतेच्या पंधराव्या अध्यायाचा आरंभ ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्या लक्षात येईल की ही दोन्ही नावे एकाच श्लोकातून, एकाच अश्वत्थ वृक्षाच्या वर्णनातून उचललेली आहेत. ज्ञानदेवांनी या उलट्या झाडावर किती रमून लिहिले आहे, ते ज्ञानेश्वरीच्या वाचकांना सांगायला नको. गीतेत छंद म्हणजे वेद. कवीने तो शब्द घेतला तेव्हा त्यात वृत्त हा अर्थही आपोआप आला, आणि वृत्ते हीच ज्याची पाने आहेत असे झाड म्हणजे कवीचे स्वतःचे आयुष्य, असेही वाचता येऊ लागले. एक कादंबरी आणि एक कवितासंग्रह, मध्ये सहा वर्षांचे अंतर, आणि दोन्ही एकाच झाडाचे भाग. आधुनिक गुजराती लेखकांत संस्कृत परंपरेशी इतके सहज बोलणारे फार नाहीत.

‘असूर्यलोक’ हे नावही असेच उपनिषदातून आले आहे. ईशावास्योपनिषदात आंधळ्या अंधाराने वेढलेल्या लोकांचा, म्हणजे जगांचा, उल्लेख येतो. जेथे सूर्य पोहोचत नाही अशी ती जगे. १९८७मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत एका विद्याव्यासंगी ब्राह्मण कुटुंबाच्या तीन पिढ्या आहेत. या घराला दोन गोष्टींचा वारसा आहे. पहिला विद्येचा. दुसरा दृष्टी क्षीण होत जाण्याचा. पोथ्यांत आयुष्य घालवणाऱ्या माणसांचे डोळेच पिढ्यान्‌पिढ्या दगा देतात. तिसऱ्या पिढीतला तिलक हा मुलगा वाचायला शिकतो तेव्हाच त्याच्यापुढे काय वाढून ठेवले आहे, याची चाहूल लागते. वाचन सोडले तर डोळे काही काळ टिकतील; पण मग ते कशासाठी टिकवायचे?

लेखकाचे चरित्र ठाऊक असणाऱ्या वाचकाला ही आत्मकथाच वाटण्याचा संभव आहे. तशी ती वाचू नये, असे मला वाटते. शर्मांनी स्वतःचे दुःख घेतले, पण ते एका घराण्यावर, तीन पिढ्यांवर आणि बदलत्या काळावर पसरवून टाकले, त्यामुळे त्यातला वैयक्तिक कढ निघून गेला. आजोबांच्या पिढीतील संस्कृत पाठशाळेची विद्या, पुढच्या पिढीची ओढाताण आणि तिलकच्या काळातील विद्यापीठीय ज्ञान, असा गुजरातमधील विद्येच्या बदलत्या स्वरूपाचा इतिहासच या घरातून दिसत जातो. अंधत्व येथे कोणाच्या पापाचे फळ नाही, देवाची परीक्षा नाही आणि वाचकाची कणव मिळवण्याचे साधनही नाही. ती घराची वस्तुस्थिती आहे, जशी एखाद्या घराला ओल असते. भारतीय कादंबऱ्यांत आणि त्याहून अधिक आपल्या चित्रपटांत अंध पात्राला गाणे म्हणायला लावून किंवा अखेरीस दृष्टी परत देऊन मोकळे होण्याची जी वहिवाट आहे, तिच्या पार्श्वभूमीवर हा संयम विशेष जाणवतो.

कादंबरीत काही ठिकाणी भाषा जड होते, हेही नोंदवले पाहिजे. संस्कृत समासांची रांग लागते आणि पात्रे क्वचित एकमेकांशी बोलण्याऐवजी व्याख्यान देतात. पण पाचशेच्या घरातील पानांची सोबत असली की माणसाच्या अशा सवयी आपण सोसतोच. १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार या कादंबरीला मिळाला.

आता गझलेकडे वळू, कारण सुरतेत शर्मांचे नाव काढले की सामान्य माणसाला आधी कादंबरी नव्हे, गझल आठवते. गुजराती गझलेच्या इतिहासात सुरतेचे स्थान मोठे आहे. गनी दहींवाला हे या शहरातले शिंपी. दुकानात कपडे शिवता शिवता त्यांनी गझला लिहिल्या. ज्यांना गुजरातचा गालिब म्हणतात ते मरीझ १९१७मध्ये येथेच जन्मले. रतिलाल ‘अनिल’ कवी आणि पत्रकार दोन्ही होते. गझल ही दरबाराची नव्हे, तर गल्लीतली, दुकानातली आणि मुशायऱ्यातली गोष्ट, असे वातावरण या शहराने जपले. शर्मांची गझल या मातीतून वर आली; मात्र तिने उर्दू शब्दकळेवर विसंबून राहण्याचे नाकारले. साकी, शराब आणि शमा यांच्या जागी तुळस, पाऊस, पान, ऋचा असे शब्द आले. संस्कृत वळणाचा शब्द आणि गझलेचा लवचीक बांधा यांचा मेळ घालणे किती अवघड असते, हे माधव जूलियनांची ‘गज्जलांजली’ वाचणाऱ्या मराठी रसिकाला ठाऊक आहे. १९३३च्या त्या संग्रहाने मराठीत गझलेचा पाया घातला आणि सुरेश भटांनी तिला बोलीचा जिवंतपणा दिला. सुरेश भट १९३२चे, शर्मा १९३४चे. दोघांनी आपापल्या भाषेत गझलेला घरची केली. भटांच्या गझलेतील ठिणगी शर्मांपाशी नाही. शर्मांचा स्वर खालच्या पट्टीतला, हळहळीचा आणि स्मरणाचा आहे. ‘अढी अक्षरनुं चोमासुं’ हे त्यांचे गीत गुजरातीत फार लोकप्रिय आहे. अडीच अक्षरांचा पावसाळा, म्हणजे कबीराच्या अडीच अक्षरांच्या प्रेमाचा पावसाळा, एवढे सांगितले की त्याचा भाव कळतो.

एका गोष्टीचे मात्र आश्चर्य वाटते. चार दशके बातम्यांत वावरलेल्या या लेखकाच्या श्रेष्ठ कादंबऱ्यांत बातमी जवळजवळ नाही. अरुण साधूंनी ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’मध्ये वार्ताहराच्या डोळ्यांनी अवघे राजकारण उभे केले, पत्रकार-कादंबरीकार म्हटले की मराठी वाचक त्याच नमुन्याची अपेक्षा करतो. शर्मांच्या हयातीत सुरतेने काय पाहिले नाही? १९६८चा तापीचा महापूर पाहिला, १९९२-९३च्या दंगली पाहिल्या, १९९४ची प्लेगची साथ आणि तिच्या भीतीने शहर सोडून पळालेली लाखो माणसे पाहिली, २००६मध्ये पुन्हा बहुतांश शहर पाण्याखाली गेलेले पाहिले. हिरे आणि कापड यांनी गाव दसपट फुगवले. यातून एखादी जबरदस्त नागर कादंबरी निघाली असती. ती त्यांनी लिहिली नाही, याची रुखरुख मला वाटते. बातमी बातमीच्या जागी आणि कादंबरी कादंबरीच्या जागी, असे काटेकोर कप्पे त्यांनी केले असावेत. रोज जे हाताळतो त्यापासून रात्री तरी सुटका हवी, ही डेस्कवरच्या माणसाची भूक मला चांगली समजते. तरीही साधूंचा धडा आठवला की वाटते, या कप्प्यांमध्ये एखादी खिडकी असायला हवी होती.

शहराविषयीचे त्यांचे प्रेम आत्मकथनात आले. त्याचे नाव ‘सुरत मुज घायल भूमि’. सोन्याची मूर्ती म्हणून जिची ख्याती, त्या नगरीला त्यांनी घायाळ भूमी म्हटले. ‘शब्दातीत’ या संग्रहातील ललित निबंधांतही हे शहर, त्याचे जुने फळिये आणि तापीचा काठ डोकावत राहतो. फळियू म्हणजे आपल्याकडील वाडा किंवा आळी. ‘गुजरातमित्र’चे कार्यालयही अशाच एका जुन्या वस्तीत, सोनीफळियात आहे. गोव्यात जसे आपण पणजीच्या फोंतेन्याशविषयी जिव्हाळ्याने बोलतो, तसा जिव्हाळा सुरतकरांना या फळियांविषयी आहे, आणि तसेच तेही झपाट्याने बदलत आहेत.

मानसन्मान त्यांना भरपूर मिळाले. गुजराती साहित्यातला मानाचा रणजितराम सुवर्णचंद्रक मिळाला. २००९ ते २०११ या काळात ते गुजराती साहित्य परिषदेचे अध्यक्ष होते. १९०५मध्ये स्थापन झालेल्या आणि गोवर्धनराम त्रिपाठींपासून अध्यक्षांची परंपरा सांगणाऱ्या या संस्थेच्या सर्वोच्च पदावर अशा रीतीने एक माणूस बसला, ज्याला एकेकाळी डोळ्यांपायी महाविद्यालयाची पायरी सोडावी लागली होती. ५ सप्टेंबर २०१८ रोजी सुरतेत त्यांचे निधन झाले.

गुजराती लिपी मराठी वाचकाला अवघड नाही. शिरोरेषा नाही एवढेच पहिल्यांदा जाणवते. क, ख, च, ज, झ, फ, ब अशा काही अक्षरांची वळणे वेगळी आहेत, ती दोन दिवसांत बसतात. त्यानंतर शब्द ओळखीचे निघू लागतात. वेग मात्र येत नाही. सचिनच्या त्या घरात मी ‘असूर्यलोक’ उघडली तेव्हा एका पानाला वीस-पंचवीस मिनिटे लागत होती. पुस्तक डोळ्यांजवळ न्यावे लागे, बोट ओळीवर ठेवावे लागे, मागच्या ओळीवर परत जावे लागे. रोज शेकडो ओळी नजरेखालून घालवण्याची सवय असलेल्या मला एकेका अक्षरापाशी थांबणे प्रथम असह्य झाले. तिसऱ्या दिवशी भाची शेजारी येऊन बसली आणि तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तिचा उच्चार अहिराणी वळणाचा. मधेच एखादा संस्कृत शब्द अडला की ती माझ्याकडे पाही, मी अर्थ सांगे आणि गुजराती क्रियापद मला अडले की ती सांगे. अशी आमची साठेक पाने झाली.

पुस्तक सुरतेतल्या घोडदोड रस्त्यावरील कवी नर्मद मध्यवर्ती ग्रंथालयाचे होते. परतीची तारीख उलटून गेली होती. मी निघाले त्या सकाळी भाची ते पिशवीत घालून माझ्याबरोबर सुरतेपर्यंत आली. मुदत वाढवून मिळाली तर परीक्षेपर्यंत ती ते ठेवणार आहे आणि रविवारी फोनवर दहा पाने वाचून दाखवीन, असे तिने कबूल केले आहे.